पीएचसीचं पोस्टिंग झालं, आता पुढे काय? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद शिकणाऱ्या मुलांना जे गावात पोस्टिंगला पाठवतात त्याने खरंच कोणाचा पुढचा विचार बदलतो का, तुमचा अनुभव लिहा. खूप पत्रं आली, मुलांची आली, आईवडिलांची आली, आणि एक पत्र एका आशाताईंचं, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचं, आलंय जे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ज्यांनी हे सदर पहिल्यांदाच वाचायला घेतलंय त्यांच्यासाठी एवढंच सांगते की मी सातपुड्यातल्या एका पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, ९ वर्षं एमओ (वैद्यकीय अधिकारी) होते, आता एका मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक किंवा कम्युनिटी मेडिसिन, शिकवते आणि दर बॅचचे इंटर्न घेऊन गावात जाते, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्या माहिती आहेत.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी सरकारी कॉलेजला इंटर्न आहे, पुढच्या महिन्यात कम्युनिटी मेडिसिनचं १२ आठवड्यांचं पोस्टिंग सुरू होतंय, त्यातला बराच भाग पीएचसीला. सगळे सीनियर एकच सांगतात, पहिल्या दिवशी एमओ सरांना भेट, अटेंडन्सचं बोलून घे आणि रूमवर बसून एमसीक्यू सोडव, अख्ख्या इंटर्नशिपमध्ये अभ्यासाला एवढाच वेळ मिळतो. खोटं कशाला बोलू, पीजी मलाही हवी आहे. पण मी घरातली पहिली डॉक्टर, आजोबा गावात वेळेवर इलाज न मिळाल्यामुळे गेले, आणि आता स्वतः गावात जायची वेळ आली तर मीच पळवाट शोधतेय असं वाटतं, झोप लागत नाही. काय करू?
*एक इंटर्न, विदर्भ*

उत्तर: आधी ते अपराधी वाटणं बाजूला ठेव. नीट पीजीचं, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं, प्रेशर खरं आहे, ते तू तयार केलेलं नाहीस, आणि अभ्यास करायचा नाही असं मी तुला कधीच सांगणार नाही.

पण हे १२ आठवडे का ठेवलेत ते एकदा समजून घे, कारण कॉलेजात हे कोणी सांगत नाही, लॉगबुक हातात देतात आणि जा म्हणतात. १९४६ साली भोर समितीने लिहून ठेवलंय की प्रत्येक होणाऱ्या डॉक्टरला ३ महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं शिक्षण द्या, म्हणजे पेशंट ज्या घरात, ज्या पाण्यावर, ज्या कामावर जगतो ते डॉक्टरला दिसेल. मग १९७७ मध्ये केंद्राची रोम नावाची योजना आली, प्रत्येक मेडिकल कॉलेजने आजूबाजूचे ३ ब्लॉक जोडून घ्यायचे आणि शिक्षकांनी मुलांना घेऊन तिथे जायचं. विचार किती चांगला होता बघ. पुढे बहुतेक ठिकाणी झालं असं की मुलं जात राहिली आणि शिक्षक कॉलेजातच राहिले. तुझे सीनियर सांगतात ते तिथूनच आलंय, ज्या पोस्टिंगला शिकवणारंच कोणी नाही तिथे मुलगा रूमवरच बसणार, त्याला मी तरी दोष देत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. एमओ म्हणून माझा पहिलाच पावसाळा, पहाटे ४ वाजता १२-१३ वर्षांचा मुलगा आणला, पोटात खूप दुखतंय, उलटी झाली, ताप नाही, पोट मऊ. मी इंजेक्शन काढायला सांगितलं, अॅसिडिटीचं. आमच्या सिस्टर, त्या तिथे १६ वर्षं होत्या, हळूच म्हणाल्या, मॅडम, रात्री खाली झोपला होता का तेवढं विचारा ना. खालीच झोपला होता. मी टॉर्च घेऊन डोळ्यांत बघितलं तर पापण्या जड व्हायला लागलेल्या. मण्यार. मण्यारचे दात एवढे बारीक की चावल्याची खूण पण दिसत नाही, माणूस झोपेत असतो, सकाळी फक्त पोटदुखी घेऊन येतो आणि दुपारपर्यंत श्वास बंद पडतो. आम्ही अॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं, सर्पविषाच्या लसीच्या १० व्हायल सलाईनमधून लावल्या, १०८ बोलावली आणि ४० किलोमीटर मी अॅम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत गेले. पोरगा वाचला. मला एमबीबीएसला मण्यारवर प्रश्न आला होता आणि मी त्यात पूर्ण मार्क घेतले होते, तरी त्या रात्री मला सिस्टरनी वाचवलं.

वॉर्डातला पेशंट तुझ्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्यावर कोणीतरी आधीच लेबल लावलेलं असतं, केसपेपर असतो, वर रेसिडेंट असतो. पीएचसीत माणूस लेबलशिवाय येतो आणि पहिला विचार तुलाच करायचा असतो, ही गोष्ट दुसरीकडे कुठेच शिकायला मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पीएचसीच्या क्वार्टरमध्ये किंवा गावात खोली घेऊन राहा, रोज जाऊन येऊन करू नको, कारण खरं काय ते संध्याकाळी आणि रात्रीच दिसतं. पहिल्या आठवड्यात एमओंच्या मागे न फिरता एकेक दिवस एकेका माणसाबरोबर घालव. सिस्टरबरोबर लसीकरण सत्राला जा, व्हॅक्सिन कॅरियर स्वतः उचल, व्हायलवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लस उष्णतेने खराब झालीय का ते दाखवणारी खूण, बघायला शिक. आशाताईंबरोबर बाळंतिणीच्या घरी जा, दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, बाळाचं वजन करतात, छाती आत ओढली जातेय का बघतात, आणि ही सगळी पद्धत गडचिरोलीच्या गावांमधून आली आहे, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेतून, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि नंतर देशभर लागू झाली. आरोग्य सेवकाबरोबर विहिरीच्या पाण्याची ओटी टेस्ट कर, पाण्यात क्लोरीन आहे का ते त्यात कळतं. लॅबवाल्या दादांकडून थुंकीची स्लाइड बनवायला शिक. आणि एक तरी पेशंट असा निवड ज्याच्या घरी तू जाशील, बघशील की शुगरची गोळी तो का घेत नाही, बहुतेक वेळा कारण पुस्तकात नसतं. अभ्यास ओपीडी संपल्यावर कर, रोज ३ तास नेमाने, गावात संध्याकाळ मोठी असते, तुला दिसेलच.

आणि "मी गावात राहणार का" हा प्रश्न या १२ आठवड्यांत सोडवायचा नाही. आजोबांचं ऋण एका पोस्टिंगमध्ये फेडायचं नसतं गं.

प्रश्न: ताई, आम्ही पुण्याचे, दोघंही नोकरी करतो, आमच्याकडे कोणीच कधी खेड्यात राहिलेलं नाही. मुलगी इंटर्नशिपमध्ये गडचिरोलीकडे महिनाभर राहून आली आणि आता म्हणते मला पीजी करायचीच नाही, तिकडे जाऊन काम करायचंय. तिच्या बाबांनी बोलणं सोडलंय. हे वयाचं वेड आहे का, उतरेल का? आम्ही काय करावं?
*एक आई, पुणे*

उत्तर: वेड म्हणू नका ताई, तिने तिथे काहीतरी खरं बघितलंय आणि ते तिला आतून लागलंय, अशा मुलांची मला फार कदर आहे. पण हेही मोकळेपणाने सांगते की पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशीचा विचार आणि पाच वर्षांनंतरचं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दर बॅचला निघताना फॉर्म भरून घेते, गावात काम करायला आवडेल का, त्या दिवशी सगळ्यांचे डोळे भरलेले असतात, आशाताईंनी भाकरी बांधून दिलेली असते, आणि भराभर "हो" वर टिक होते. ती टिक खोटी नसते. पण तिच्यावर कोणी राहत नाही, राहणं बाकीच्या गोष्टींवर ठरतं.

डब्ल्यूएचओने २०१० मध्ये आणि परत २०२१ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्यात, की डॉक्टर-नर्स दुर्गम भागात यावेत आणि टिकावेत म्हणून काय करावं. त्यात गावातली मुलं जास्त घ्या आहे, कॉलेजं मोठ्या शहरांबाहेर काढा आहे, शिकताना गावात पाठवा हेही आहे, पण त्याच्या जोडीने राहायला धड घर, कुटुंबाची सोय, सुरक्षित कामाची जागा, पुढे शिकायची संधी, सीनियरशी बोलायची व्यवस्था हे पण आहे. म्हणजे पोस्टिंग ही दोरीतली एक पीळ आहे, एकट्या पिळावर वजन टाकलं तर तुटणारच.

आता जे राहिले त्यांच्याकडे बघा. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, हेमलकसाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, गडचिरोलीत १९८६ पासून बंग दांपत्य, मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे. आपण या सगळ्यांना त्याग त्याग म्हणतो आणि एक साधी गोष्ट बघतच नाही, यातलं कोणीच एकटं नव्हतं. रात्री घरी आल्यावर आज असं असं झालं हे ज्याला कळेल असं माणूस घरात होतं. तुमच्या मुलीला पहिला प्रश्न हाच विचारा, तू तिथे एकटी असशील की टीम असेल? रात्री २ वाजता अडलीस तर फोन कोणाला करशील? रागाने नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारा.

दुसरं, "पीजी नको" यावर मी तिच्याशी थोडी भांडेन. आरोळे आणि बंग दोन्ही जोडपी जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली. डॉ. कोल्हे मेळघाटात काही काळ काम करून परत आले, एमडी केलं आणि मग पुन्हा गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार जगाला दिला, त्यांनीही पीएचसीला काम केल्यावर मध्ये जाऊन एमडी मेडिसिन केलं आणि परत महाडलाच आले. गाव कमी शिकलेल्या डॉक्टरवर भागेल असं समजू नये, उलट तिथे रेफर करायला बाजूला कोणी नसतं म्हणून हात जास्त तयार लागतो. तिला सर्जरी, गायनॅक, मेडिसिन यात रस नसेल तर फॅमिली मेडिसिनचं डीएनबी आहे, तेही पदव्युत्तर शिक्षणच, ३ वर्षांचं, गावात कामाला येईल असं बरंच त्यात शिकायला मिळतं, आपल्याकडे अजून फार कमी जण तिकडे बघतात. शिकून परत जाणं म्हणजे माघार घेणं नाही हे तिला तुमच्याकडून कळू द्या, कारण मला वाटतं ती पीजीला नाही म्हणतेय ते एकदा शहरात गेले की परत येणार नाही या भीतीने.

तिसरं, ती सरकारी कॉलेजची असेल तर तिला १ वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, आहेच. पुष्कळ पालक दंड भरून त्यातून सुटता येईल का म्हणून लगेच पैशांची जुळवाजुळव करायला लागतात. तुम्ही करू नका. तिला ते वर्ष जिथे जायचंय तिथे करू द्या. महिनाभर पाहुणी म्हणून राहणं आणि वर्षभर खुर्चीवर एमओ म्हणून बसणं यात खूप फरक आहे, पावसाळा येतो, लाइट जाते, पोस्टमॉर्टेम करावं लागतं, एखादं मूल हातात जातं आणि त्याच लोकांमध्ये दुसऱ्या दिवशी ओपीडी काढावी लागते. वर्षाच्या शेवटी ती जे म्हणेल ते तुम्ही डोळे मिटून माना. आणि बाबांना घेऊन मध्ये दोन दिवस तिच्याकडे जाऊन राहा. माझे वडील ३ वर्षं माझ्याशी तुटक बोलत होते, एकदा येऊन ओपीडीच्या बाहेर बाकावर दिवसभर बसले, संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले की पंख्याचा आवाज येतोय, बदलून घे. त्यानंतर दर दिवाळीला यायचे.

मी स्वतः ९ वर्षांनी का सोडलं हे मला बरेचदा विचारतात. मुलगी चौथी पास झाली, पुढची शाळा तिथे नव्हती, नवऱ्याचं काम १५० किलोमीटरवर, आणि क्वार्टरचं छत इतके अर्ज करूनही पाच पावसाळे तसंच गळत होतं. मी थकले होते. पण ती ९ वर्षं झाली ती झाली, त्यात जी बाळंतपणं सुखरूप झाली ती झालीच. गावात जाणं म्हणजे जन्मठेप असल्यासारखं आपण बोलतो म्हणून मुलंही घाबरतात आणि आईवडीलही. तीन वर्षं, पाच वर्षं मनापासून केली तरी त्या तालुक्याला त्याचा उपयोग होतो.

प्रश्न: मॅडम मी बीएस्सी नर्सिंग थर्ड इयरला आहे, गाव पेठ तालुक्यात, घरी आम्ही कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलतो. पहिली तक्रार, तुम्ही नेहमी डॉक्टरांबद्दलच लिहिता, कम्युनिटी पोस्टिंग आम्ही पण करतो, सर्व्हे, घरभेटी, चार्ट, सगळं. दुसरं, आमच्या एक टीचर म्हणाल्या की तू तर गावचीच आहेस, तुला गावातच काम करायला पाहिजे. माझी रूममेट ठाण्याची आहे, तिला असं कोणी म्हणत नाही. मला आयसीयूत काम करायचंय, जमलं तर जर्मनचा क्लास लावून बाहेर जायचंय, घरी कर्ज आहे. मी चुकतेय का?
*नर्सिंगची विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा*

उत्तर: तक्रार बरोबर आहे, मनाला लागली, आणि यापुढे लक्षात ठेवेन. गावातली आरोग्यसेवा कोणाच्या जीवावर चालते हे मला माहीत असून मी डॉक्टरांवरच जास्त लिहिलं. मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असतं, तिथे राहते ती एएनएम सिस्टर, डॉक्टर बदलतात आणि ती तिथेच असते.

तू अजिबात चुकत नाहीस. गावातून आलेली मुलं गावात टिकायची शक्यता जास्त असते हे खरंय, वर मी तेच लिहिलं. पण ती गोष्ट सरकारने आणि कॉलेजने ध्यानात घ्यायची आहे, की जागा देताना, वसतिगृह देताना, फी ठरवताना पेठ-सुरगाण्याच्या, धडगावच्या, एटापल्लीच्या मुलींना पुढे आणा. तुझ्या एकटीच्या खांद्यावर ते ओझं म्हणून ठेवायचा कोणाला अधिकार नाही. गावचं म्हणून गावात जा आणि शहरातलं म्हणून शहरात राहा, असं म्हटलं तर शिकून कोणाला काही निवडताच येणार नाही. ठाण्याच्या मुलीलाही विचारलं पाहिजे की तू येशील का पेठला, आणि तुलाही विचारलं पाहिजे, सांगायचं नाही.

आता थोडं कामाचं. आयसीयू आवडतं तर एसएनसीयू बघितलंयस का, जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा कक्ष? दीड किलोचं बाळ, वॉर्मर, श्वासाला आधार देणारं सीपॅप, तासातासाला नोंद, ते आयसीयूचंच काम आहे, आणि ती बाळं कुठून येतात, तुझ्यासारख्या गावांतूनच येतात. आई घाबरून कोपऱ्यात बसलेली असते, मराठी धड कळत नाही, तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारी सिस्टर मिळाली तर ती बाळाला दूध पाजायला तयार होते, कांगारू केअर करते, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवते, डॉक्टरला न विचारता पळून जात नाही. हे मी नंदुरबारकडे पावरी बोलणाऱ्या सिस्टरांच्या बाबतीत इतक्यांदा बघितलंय. तुझी बोली हा कामाचा गुण आहे, सीव्हीत लिही, लपवू नको. सीएचओची, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, वाट पण आहे, बीएस्सी नर्सिंगवाल्यांना चालते, उपकेंद्रात स्वतः बीपी-शुगरची तपासणी, औषधं, बरंच काही करता येतं. पण या भरतीत कंत्राटी नोकऱ्या पुष्कळ असतात, घरी कर्ज असताना ऑर्डर नीट वाचल्याशिवाय हो म्हणू नको, पगार किती, किती तारखेला होतो हे तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखादीला विचार.

आणि सगळं बघून जर्मनीलाच जावंसं वाटलं तर जा, कर्ज फेड, शिक. पोस्टिंगमध्ये जो सर्व्हे करतेयस तो मात्र चांगला कर, त्या घरांची त्यात काही चूक नाही.

प्रश्न: बीएएमएस इंटर्न आहे. पीएचसी पोस्टिंगमध्ये आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही, ड्रेसिंग आणि रजिस्टर एवढंच. मला आदिवासी भागात काम करायचं आहे, वाव आहे का?
*धुळे*

उत्तर: आहे, आणि आदिवासी जिल्ह्यांत भरारी पथकाची गाडी घेऊन पाड्यापाड्यावर फिरतात ते डॉक्टर बहुतेक बीएएमएसच असतात, उपकेंद्रातले सीएचओ पण महाराष्ट्रात बीएएमएस खूप आहेत, त्याला ६ महिन्यांचा कोर्स असतो. पोस्टिंगमध्ये रजिस्टर दिलंय ना, तर तेच नीट वाच. अतिजोखमीच्या गरोदर बायांचं रजिस्टर, सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित, बालकांची यादी, सिकलसेलच्या तपासणीची नोंद. कोणत्या पाड्यावरून नावंच येत नाहीत ते शोध आणि सुट्टीच्या दिवशी आशाताईंना विचारून तिथे जाऊन ये. मग लोकच तुझ्याकडे लक्ष देतील.

प्रश्न: मी एमओ आहे, मराठवाडा. दर महिन्याला ४-५ इंटर्न पाठवतात. दुसऱ्या एमओची पोस्ट रिकामी, ओपीडी मी, मीटिंग मी, रिपोर्ट मी, एमएलसी म्हणजे पोलीस केसेस मी. शिकवायला वेळ कुठून आणू? सही देऊन सोडतो. चुकीचं आहे हे माहीत आहे.
*एक वैद्यकीय अधिकारी*

उत्तर: डॉक्टर, तुम्ही खरं लिहिलंत त्याबद्दल आभार, मीही दोन बॅचना असंच सोडलंय आणि ते अजून टोचतं. मैदानात एका पीएचसीला ३०,००० लोकसंख्या धरलेली असते, तुमच्याकडे प्रत्यक्षात त्याहून जास्त असणार, त्यात एकटा माणूस.

मला नंतर जे उपयोगी पडलं ते सांगते. शिकवायचं सोडून दिलं, काम वाटून दिलं. एकाला अतिजोखमीच्या गरोदर मातांची यादी, प्रत्येकीला महिन्यात एकदा भेटायचं आणि एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन), बीपी, एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड) बघून मला शनिवारी सांगायचं. एकाला टीबीचे पेशंट. एकाला ऊसतोडीला गेलेल्या आणि परत आलेल्या कुटुंबांची लसीकरणं, तुमच्याकडे तर हा मोठाच विषय आहे, ऑक्टोबरनंतर गावं रिकामी होतात आणि पोरांचे डोस तुटतात. शनिवारी एक तास, चहा, प्रत्येकाने आपली एक केस सांगायची, बस. तो एक तास माझ्या आठवड्यातला सगळ्यात चांगला तास व्हायला लागला. एका मुलाने एकदा ६ एचबी असलेली बाई शोधली जी आमच्या यादीतच नव्हती, आम्ही तिला वेळेवर रक्त चढवायला पाठवलं, आणि तो मुलगा पुढे गायनॅक करून जिल्ह्याच्याच ठिकाणी आला. पोस्टिंगमुळेच आला असं मी म्हणणार नाही, पण भेटला की त्या बाईचं नाव काढतो.

त्याआधी एक काम मात्र करा. मुलींना झोपायला कडी लागणारी खोली आणि पाणी येणारं बाथरूम आहे का ते स्वतः जाऊन बघा. नसेल तर कॉलेजच्या पीएसएम विभागाला लेखी कळवा की सोय होईपर्यंत मुक्कामी पाठवू नका. मुली पोस्टिंगमधून पळतात त्याची कारणं मी विचारली आहेत, अभ्यासाच्या आधी हेच येतं, संध्याकाळी ७ नंतर बाहेर संडासला जायची भीती. अशा खोलीत काढलेल्या महिन्यानंतर कोणती मुलगी गावात परत यायचा विचार करेल?

प्रश्न: मॅडम मी आशा आहे, १४ वर्षं झाली. कॉलेजची पोरं पोरी येतात, गोड असतात, मी त्यांना घरोघर नेते. फॉर्म भरतात, घरात माणसं किती, संडास आहे का, उत्पन्न किती, दारू पितात का. एका घरी तीन वर्षांत पाच वेळा तेच विचारलं, ती म्हातारी माझ्यावर चिडली, म्हणाली तुझी पोरं लिहून नेतात आणि गुडघ्याचं औषध कोणी देत नाही. डॉक्टर पण दर वर्षी नवीन. आम्ही काय त्यांच्या शिकायचं सामान आहोत का?
*एक आशा स्वयंसेविका*

उत्तर: आशाताई, तुमचं पत्र मी आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हातारी बरोबर बोलली.

२०२२ पासून एमबीबीएसच्या मुलांना पहिल्याच वर्षी गावातली काही कुटुंबं दत्तक देतात, कुटुंब दत्तक कार्यक्रम म्हणतात, कल्पना अशी की शिक्षण संपेपर्यंत त्याच मुलाने त्याच घरी जात राहायचं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून याच वाटेने चाललंय, तिथली प्रत्येक बॅच एक गाव घेते, पहिल्या वर्षी १५ दिवस तिथे मुक्काम करते आणि नंतरही दर महिन्याला जात राहते. तेच तेच पोर परत येणं, यातच सगळं आहे. वेगळी पोरं येऊन तोच फॉर्म भरणार असतील तर घरांना त्रास आणि पोरांनाही काही कळत नाही, कारण चौथ्या भेटीला जे सांगतात ते पहिल्या भेटीला कोणी सांगत नाही, हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत.

आम्ही आमच्याकडे आता असं ठरवलंय की सर्व्हे झाला की निघायच्या आधी समाजमंदिरात किंवा पारावर बसून गावाला सांगायचं, तुमच्या गावात एवढ्यांचं बीपी वाढलेलं निघालं, एवढ्या पोरींचं रक्त कमी, अमुक विहिरीच्या पाण्यात क्लोरीन शून्य. नावं घ्यायची नाहीत. आणि ज्यांना औषध लागेल त्यांची यादी एमओंना आणि तुम्हाला देऊन जायची. पहिल्यांदा केलं तेव्हा पोरं घाबरली होती, लोकांनी प्रश्न विचारले, एका बाईंनी विचारलं की पाणी खराब निघालं ते तुम्ही कोणाला कळवलं, आणि कोणीच कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पोरं स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा साठा बघून आली.

डॉक्टर टिकायचं म्हणाल तर गावाच्या हातात थोडं आहे. पीएचसीची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडा निधी असतो, गावाचे सदस्य असतात, क्वार्टरचं दार, टाकी, लाइट हे विषय तिथे काढायला लावा, मीटिंग झाली का आणि ठरलं काय ते विचारत राहा. नवीन डॉक्टर आली की पहिल्या आठवड्यात कोणीतरी घरी जेवायला बोलवा. माझ्या पहिल्या आठवड्यात एका घरातून नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ आली होती, कोणाच्या घरून आली ते मला महिनाभर कळलं नाही.

आणि यापुढे पोरं फॉर्म घेऊन आली की तुम्हीच आधी विचारा, मागच्या वेळी लिहून नेलं त्यात काय निघालं ते सांगा, मग दार दाखवते. कॉलेज कुठलं आणि पोरांनी काय उत्तर दिलं ते मला या सदराच्या पत्त्यावर कळवा, मी त्यांच्या शिक्षकांशी बोलेन. त्या आजींच्या गुडघ्यांचं पण लिहा, वय किती, सूज आहे का, चालताना दुखतं की बसल्या जागी, आणि आत्ता दुकानातून आणून कोणती गोळी घेतात तिचं पाकीट बघून नाव लिहा.